घटाला दिलेली हाक

१

आईनं त्या सकाळी 'चहा' म्हटलं नाही.

झालं होतं एवढंच. शीला कप घेऊन दारात उभी राहिली, रोजच्यासारखी. "काय पाहिजे, आई?" असं तिनं विचारलं, तेही रोजच्यासारखंच. मग रोज काय व्हायचं, तर आई ओठ गोळा करायची, हनुवटी पुढं काढायची, कपाळाला आठ्या घालून जोर लावायची आणि तो शब्द एकदाचा बाहेर पडायचा. मग दोघी हसायच्या. त्या दिवशी ओठ गोळा झाले, हनुवटीही पुढं आली आणि आई तशीच थांबली. पिशवीत हात घालावा आणि वस्तू नेहमीच्या जागी नसावी, तसा तिचा चेहरा झाला. मग तिनं डावा हात पुढं केला आणि गुपचूप कप घेतला.

दुसऱ्या कुणाच्या घरात याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. पण थंडीत एका पहाटे आईच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली, आणि पोखर्णीच्या शाळेत जन्मभर पोरांना बाराखडी घोकायला लावणाऱ्या कुसुमबाई एका दिवसात मुक्या झाल्या. तेव्हापासून शब्द एकेक करून परत येत होते. आधी 'नको' आला. मग 'चहा'. आणि होळीच्या सुमाराला एकदा शीला केर काढत असताना मागून अगदी खरखरीत आवाजात 'शीलू' आला, तेव्हा तिच्या हातातला झाडू पडला होता.

तशी ती दचकायचीच. कुकरची शिटी, दाराची कडी, शेजारच्या बायनाबाईचं खाकरणं, तिला काहीही पुरायचं. "हिच्या मागं मांजर शिंकलं तरी ही पोरगी गच्चीवर जाती," असं बायनाबाई गल्लीभर सांगायची. म्हणून शीलानं स्वतःला समजावलं, की आपण उगीच घाबरतोय. व्यायाम घ्यायला येणाऱ्या सविताताईंना तिनं फोन केला.

"होतं गं असं," त्या म्हणाल्या. "एखादा शब्द मागं सरकतो, मग पुढं येतो. तू आधी स्वतः चहा घे. घेतलास का?"

घेतला नव्हता.

२

मागची खोली दादाची, म्हणजे खरं तर त्याच्या झाडांची होती.

लोक पोपट पाळतात, कबुतरं पाळतात. सरकारी कचेरीतल्या धम्मपालदादानं घटपर्णी पाळल्या होत्या. हिच्या पानाचं टोक लांब होत दोरीसारखं खाली येतं आणि त्या दोरीला एक घट लटकतो. त्यावर झाकण, कडेला गुळगुळीत ओठ आणि आत पाणी. किडा कडेवर बसला की घसरतो, पाण्यात पडतो, वर येत नाही आणि हळूहळू झाडाचा होतो. परभणीच्या मे महिन्यात असलं दमट जंगलातलं झाड जगवायचं म्हणजे तव्यावर मासे पाळायचे. पण दादानं खिडकीला हिरवी जाळी लावली, कूलर बसवला, धुकं सोडणारं एक छोटं यंत्र आणलं. बोअरच्या पाण्यानं मुळं पांढरी पडून मरतात, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचे कॅन तो झाडांसाठी आणायचा. "बॅटरीचं पाणी पिऊन तुझी झाडं एक दिवस शॉक देतील," असं आई म्हणायची. म्हणजे तेव्हा, बोलता येत होतं तेव्हा.

त्याचा फोनवर ग्रूप होता. देशभरातले असलेच वेडे. कुणाला जमिनीवर घोळका करून बसलेली अँप्युलेरिया आवडायची, कुणाला दोन सुळे असलेली बायकॅल्कराटा, नवशिक्यांना व्हेंट्रिकोसा, कारण ती काही केल्या मरत नाही. दादाचा जीव मात्र हेम्सलेयाना या जातीवर. तिच्या देशात वटवाघळं दिवसा तिच्या घटात झोपतात. घटाची मागची भिंत अशी घडलेली, की वटवाघळानं घातलेली साद नेमकी त्याच्याकडंच परत जाते. अंधाऱ्या रानात, लाखो पानांमधून, त्याला आपलं घर ऐकू येतं. हे सांगताना दादाचे डोळे भरून यायचे आणि शीला जांभई द्यायची.

त्या ग्रूपवर एक पोरखेळ चालायचा. नव्या घटाचं झाकण उघडलं, की त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पहिली हाक मारायची. कुणाचा घट कसा वाजतो, ते रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायचं.

ऊन चढायला लागलं तसं शीलानं आईची खुर्ची मागच्या खोलीत नेली. घरात गारवा होता तो तिथंच. दादा प्रशिक्षणाला नागपूरला गेला होता आणि झाडं, आई दोन्ही तिच्यावर सोपवून गेला होता. आईला आपलाच आवाज नीट ऐकू आला तर बोलणं लवकर सुधारतं, असं सविताताई एकदा म्हणाल्या होत्या. ते शीलाच्या डोक्यात होतं. त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी हेम्सलेयानाचा एक घट उघडलेला तिनं पाहिला, तो अलगद आईच्या तोंडापाशी ओढला आणि ती म्हणाली, "म्हण आई. चहा."

आई म्हणाली. घटातून आवाज गोल होऊन आला. खरखर नाही, अडखळणं नाही, अगदी आजाराआधीच्या कुसुमबाई. आई किती तरी दिवसांनी दोन्ही गालांनी हसल्यासारखी हसली. शीलानं ती क्लिप ग्रूपवर टाकली. खाली बदामांचा पाऊस पडला.

आणि सकाळी शब्द नव्हता.

३

परभणीत मे महिन्यातली दुपार ही माणसांची नसते. डांबर मऊ पडतं, कुत्री मोटारसायकलींच्या सावलीत शिरतात, गल्लीत एकही फेरीवाला फिरकत नाही. शीला पुढच्या खोलीत सेट परीक्षेचं पुस्तक उघडून बसली होती. मागून कूलरची घरघर येत होती आणि मधूनच टपकणारं पाणी.

"चहा."

ती उडालीच. पुस्तक पडलं. आणि मग तिला इतका आनंद झाला, की ती अनवाणीच मागं धावली. "आलं! आलं ना परत! ठेवते हं आई, आधण ठेवते—"

आई झोपली होती.

मान एका बाजूला कललेली, उजवीकडचा ओठ खाली ओघळलेला, घशातून बारीक घोरणं. शीला दाराशी उभी राहून बघत राहिली. झोपेत बोलली असेल, माणसं बोलतात. पण तिच्या कानात राहिलेला 'चहा' झोपेतला नव्हता. त्यात कष्ट नव्हते. मधल्या सुट्टीत शिपायाला सांगावं, तितक्या सहज तो आला होता.

खोलीत हिरवा उजेड होता. जमिनीलगत धुकं पसरलं होतं. छपराच्या तारांना घट लटकत होते, लहान, मोठे, लाल ठिपक्यांचे. सगळे स्तब्ध. त्यांतला एक तेवढा हलत होता, नुकतंच कुणी हात काढून घेतल्यासारखा.

कूलरचा वारा, शीला मनाशी म्हणाली. कूलर समोरच्या भिंतीत होता आणि वारा सगळ्यांनाच लागायला हवा होता, हा विचार तिनं पुरता होऊच दिला नाही.

४

दिवसभर दादाचा फोन नुसता वाजायचा, सुट्टी झाली तरच तो उचलायचा. हॉलमध्ये फोन नेऊ देत नसत. संध्याकाळी त्यानंच केला.

"काय करायलीस गं? जेवण झालं का?"

"दादा, आईचा चहा गेला."

"गेला म्हंजे? सांडला?"

"शब्द, दादा. शब्द गेला. आणि दुपारी मला तो मागच्या खोलीत ऐकू आला."

पलीकडं दादा हसला. "तू जेवत जा बरं येळेवर. अभ्यास करून करून डोकं तापलंय तुझं. ते घट आवाज परत देतात गं, त्यांचं कामच हाय ते."

"लगेच देतात. दुसऱ्या दिवशी न्हाई देत."

"एमेस्सी तू झालीस का मी?" तो म्हणाला. "बरं, ते जाऊ दे. दुसरा घट उघडला का?"

"उघडलाय सकाळीच."

"मग त्याला बी आईलाच हाक मारू दे. लय आवडतं तिला. थंडीत नव्हती का मारली? पहिलाच घट होता तो. अख्खी हजेरी घेतली तिनं त्यात तोंड घालून, गैरहजर पोरांना बोलली सुद्धा. मी हसून हसून बेजार."

"कधी?"

"तेव्हाच की. आजारी पडायच्या आदल्या— ए, थांब, जेवायला बोलवायलेत. उद्या करतो. पानांवर पाणी मार."

फोन कानाला तसाच लावून शीला उभी राहिली. आपण वनस्पतीशास्त्र शिकलो आहोत, ती स्वतःला सांगत होती. पेशीभित्तिका, हरितद्रव्य, पाचक रस. पानाला कान नसतात. पानात काही साठत नाही, साखरेशिवाय.

रात्रभर तिनं याचाच विचार केला असणार, कारण सकाळी तिनं जे केलं ते विचार करूनच केलं. शब्द वापरला नाही तर गंजतो, हेही सविताताईंचंच. राहिलेले शब्द घोटून पक्के करायला हवेत. आणि आई साध्या हवेत बोलायचा कंटाळा करायची, घटाकडं मात्र स्वतःच मान पुढं करायची. शीलानं नवा घट तिच्या तोंडाशी धरला.

"म्हण. नको."

"नको," आई म्हणाली, आणि घटानं तो स्वच्छ करून परत दिला.

५

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत सविताताई आल्या. "जय भीम, बाई! काय म्हणतोय हात?" म्हणत त्यांनी पुढच्या खोलीत आईला पलंगावर घेतलं.

आखडलेला खांदा सैल करायचा व्यायाम फार दुखायचा. त्याला आईचं उत्तर ठरलेलं. हात जरा वर गेला की 'नको', अजून वर गेला की 'नको, नको', आणि सविताताई म्हणायच्या, "नको कसं, बाई? तुमी सोडायचा का पोरांना, पाढे नको म्हटल्यावर?"

आज हात वर गेला. आणखी वर गेला. आईचं तोंड उघडलं. त्यातून काहीच आलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"शाब्बास! आज एकदा सुद्धा नको म्हटलं न्हाई बघ," सविताताई खूश होऊन म्हणाल्या. "सहन करायची ताकद यायली."

"ताई, थांबा," शीला म्हणाली.

"अगं, आता तर सुटायलाय खांदा—"

"थांबा म्हणते ना! तिला म्हणायचंय! तिला म्हणता येईना!"

सविताताईंनी हात खाली ठेवला. खोलीत एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत आतून आवाज आला, हळू, समजावल्यासारखा. "नको. नको. नको."

सविताताईंनी मान वळवली. "आत कोण हाय गं?"

शीलाशिवाय आणखी कुणाला तरी ऐकू आलं होतं. म्हणजे डोकं तापलेलं नव्हतं. ते तापलेलं असतं तर किती बरं झालं असतं.

"टीव्ही हाय," ती म्हणाली.

सविताताई पिशवी आवरू लागल्या. जाताना नेहमी आईच्या पाठीवर थाप मारायच्या, त्या विसरल्या. आणि नेहमी मागच्या दारानं जायच्या, त्या पुढच्या दारानं गेल्या.

६

आता एकच शब्द उरला होता.

शीलानं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि आईला पुढच्याच खोलीत ठेवलं. ओली चादर खिडकीला लावली. पंखा गरम हवा ढवळत होता तोवर ठीक होतं. मग वीज गेली. इन्व्हर्टरचा एकच जोड होता आणि तो दादानं मागच्या खोलीला दिलेला. बंद दारामागं कूलर मजेत घरघरत राहिला.

बायनाबाई पदरानं वारा घेत आली. तिच्या आणि दादाच्या खोलीची भिंत एकच होती.

"झोपल्या का कुसुमबाई? झोपू द्या. दमल्या आसतील."

"कशानं दमल्या?" शीलानं विचारलं.

"बोलून बोलून! आता लय ब्येस बोलायल्यात की गं. मी आपली दुपारी भिंतीला टेकून पडती, मला समदं आईकू येतंय. काल तर वर्गच भरवला बाईनं. नावं घ्यायल्या, मदीच थांबायल्या, पुन्ना नावं घ्यायल्या." ती हसली. "आन् तू बी कसली गं! आई येवढ्या बोलायल्यात, तर एकदा तरी ओ द्यावा की न्हाई?"

शीलाला उठून तिचा हात धरावासा वाटला, इथंच बस म्हणावंसं वाटलं. पण काय सांगणार होती ती? तोवर बायनाबाई आईजवळ वाकली आणि तिचा आवाज बदलला.

"आगं, हिचं आंग तर बघ. चुलीवानी तापलंय. कामून हितं ठिवलीस हिला? आत गारवा हाय ना? मारती का काय आईला?"

आईचे ओठ पांढरे पडले होते. नाडी बोटाखाली फडफडत होती. पलीकडं एक थंड, ओली, हिरवी खोली होती आणि अलीकडं ही भट्टी. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या, ताप आणि रक्तदाब चढू द्यायचा नाही. शीलानं कडी काढली.

खुर्ची तिनं हेम्सलेयानापासून लांब, कूलरच्या तोंडाशी लावली. समोर गुडघ्यांवर बसली. आईचा डावा हात हातात घेतला.

"आई, एक ऐकशील? इथं मला हाक मारायची न्हाई. काही लागलं तर हात हलव. मी समोरच हाय. पण हाक नको."

आईनं तिच्याकडं पाहिलं. त्या एका शब्दासाठी या पोरीनं किती वाट पाहिली होती, ते तिला माहीत होतं. तिच्या नजरेत आधी नवल होतं, मग काही तरी दुखावलेलं. तिनं हळूच मान हलवली.

त्या दिवशी शीला तिथून उठली नाही. आईही बोलली नाही. घट लटकत होते. मधूनच एखाद्यातून बुडबुडा फुटल्यासारखा आवाज यायचा, गिळल्यासारखा.

७

पुढच्या दुपारी आईनं पाण्यासाठी हात हलवला. तांब्या रिकामा होता. स्वयंपाकघर म्हणजे दहा पावलं. शीलानं फोन ओट्यावर ठेवला, माठ तिरका केला, तळातलं पाणी सावकाश येत होतं.

"शीलू."

तिच्या हातातून तांब्या सुटला. किती सुंदर आवाज होता तो! पोखर्णीच्या एसटीतून संध्याकाळी उतरून, गल्लीच्या तोंडापासूनच मारलेली हाक. शीलाच्या तोंडातून 'आले' निघता निघता राहिलं.

ती आत आली तेव्हा खुर्ची जागेवर नव्हती. एक पाय लुळा असलेल्या बाईनं ती कशी ओढत नेली असेल, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आई हेम्सलेयानाच्या खाली होती. तिनं डाव्या हातानं एक मोठा घट धरला होता आणि कप लावावा तसा ओठांना लावला होता. डोळे मिटलेले. चेहरा इतका निवांत, की शीलाला क्षणभर वाटलं, राहू द्यावं.

"आई!"

तिनं घट हिसकावला, खुर्चीची पाठ धरली आणि फरफटत मधल्या खोलीतून, पुढच्या खोलीतून थेट ओसरीवर आणली. बाहेर उन्हानं डोळे फुटत होते. ती आईसमोर वाकली.

"मी कोण? आई, मी कोण हाय? म्हण. आता म्हण. इथं चालतंय."

आईनं तिच्या गालाला हात लावला. तिला ओळख होती. सगळी होती. ओठ उघडले, जीभ टाळूपर्यंत गेली आणि तिथं काहीच नसल्यासारखी परत आली.

शीलानं ओट्यावरचा फोन आणून दादाला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग ती कात्री घेऊन आत गेली.

८

दादा रडला असता. रडू दे. तिनं मोठा घट डाव्या हातात धरला. हाताला तो थंड लागायला हवा होता, तो कोमट होता. देठ चिवट होता, कात्री घसरली. नीट दिसावं म्हणून तिनं घट जवळ ओढला आणि झाकणाखालून आत नजर गेली.

पाणी होतं. तळाशी नेहमी मुंग्यांचा काळा गाळ असायचा. आज तिथं काही तरी गुलाबी, ओलं, जाडसर पडलं होतं. गोगलगाय, ती मनाशी म्हणाली. कुठून तरी आली असेल, शेवाळातून. गोगलगाईचं टोक वर उचललं. बाजूच्या भिंतीला लागलं. 'ल' म्हणताना जीभ वर जाते, तसं.

"शीलू," आई म्हणाली, अगदी कानाशी.

शीलाच्या बुद्धीनं, शिक्षणानं, भीतीनं, सगळ्यांनी मिळून तिला मागं ओढलं. पण चोवीस वर्षांची सवय त्या सगळ्यांहून जुनी होती. आईनं हाक मारल्यावर ती जे करत आली होती, तेच तिनं केलं.

"ओ, आई," ती म्हणाली, थेट घटात.

आवाज परत आला. गोल, स्वच्छ. आणि आजूबाजूचे सगळे घट एकदम, हळूच हलले.

९

ती ओसरीवर कशी आली ते तिला आठवत नव्हतं. कात्री आतच राहिली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बायनाबाईचं दार बंद होतं. तिनं पुन्हा दादाला लावला. कानाशी रिंग वाजू लागली.

तो उचलेल तेव्हा काय सांगायचं, ते ती जुळवायला लागली. शांतपणे सांगायचं. दादा, लगेच नीघ. दादा, झाडं मरू देत, मी ती खोली आता उघडणार न्हाई. दादा, मी... ला बाहेर काढलंय.

ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. दादा, मी... ला बाहेर काढलंय.

वाक्यात एक खड्डा होता. तिनं खुर्चीत बसलेल्या बाईकडं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. या बाईच्या पदराला खडूचा वास यायचा. हिनं आपला हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं. आपल्या तापात ही रात्र रात्र उशाशी बसली होती. हिचं नाव कुसुम. ती सगळं सांगू शकत होती, फक्त हिला काय म्हणतात, ते नव्हतं. पोर पहिलं जे बोलायला शिकतं, ते. तिनं ओठ उघडले. तोंडात हवा होती.

रिंग वाजत होती.

तेवढ्यात आतून, मागच्या खोलीतून, कुणी तरी हाक मारली. शीलाच्याच आवाजात. तोच एक शब्द, लाडानं, शेवटी जरा लांबवून, शाळेतून येऊन दप्तर टाकताना मारतात तशी. तिला तो ऐकू आला. तो आपला होता, एवढंही कळलं. पण धरायला गेली तर हाताला लागेना.

खुर्चीतल्या बाईनं मान वळवली. तिच्या समोर, हाताच्या अंतरावर शीला उभी होती. तिनं तिच्याकडं पाहिलंच नाही. तिनं घराच्या आत पाहिलं, अंधाराकडं, आणि तिचा चेहरा उजळला, दोन्ही गालांनी. पोर बोलावतंय म्हटल्यावर उजळतो तसा. तिनं डावा हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला आणि ती उठायला लागली.

शीलानं तिचा खांदा धरला. तो हात झटकला गेला. आतून पुन्हा हाक आली, आता जरा हट्टानं. बाईचा लुळा पाय फरशीवर सरकला, मग टेकला. तिला थांबवायला काही तरी म्हणायला हवं होतं, मोठ्यानं, आत्ता, आणि जे म्हटल्यावर ती थांबली असती ते एकच होतं.

कानातली रिंग तुटली.

"हॅलो," दादा म्हणाला. "हां, बोल शीलू."